ब्रूनोचा उपास

कोथरूडमधल्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, सोमवारी सकाळी सव्वासातला ब्रूनोने आपल्या थाळीकडे पाहिलं, एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग तो दिवाणखान्यात जाऊन सोफ्याखाली डोकं घालून पडला. डोकंच, कारण बाकीचा ब्रूनो सोफ्याखाली मावत नाही.

घरात एकच धावपळ उडाली. दुसऱ्या कुठल्या जातीच्या कुत्र्याने एक वेळ खाल्लं नाही, तर लोक म्हणतात, लहर आहे. लॅब्रेडॉरने खाल्लं नाही म्हणजे भटजीबुवा दक्षिणा न घेता पाटावरून उठले म्हणायचे. काहीतरी भयंकर बिनसलेलं असणार. याला शास्त्राचाही आधार आहे. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दर चार लॅब्रेडॉरांमागे साधारण एकाच्या अंगात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. ‘पोट भरलं, आता पुरे’ हा निरोप मेंदूला पोचवायच्या कामी हे जनुक लागतं. तुकडा नसला की निरोप वाटेतच राहतो आणि कुत्रा जेवणाच्या टेबलाखाली. २०२४ साली त्याच मंडळींनी आणखी भर घातली : असे कुत्रे स्वस्थ पडलेले असताना इतरांपेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी ऊर्जा खर्च करतात. म्हणजे जमा जास्त, खर्च कमी. घरातले काका बँकेतून हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेले. ही बातमी वाचून ते म्हणाले होते, ‘‘अशा खातेदारासाठी आमचे मॅनेजर स्वतः चहा सांगायचे.’’

ब्रूनोची आजवरची कारकीर्द पाहता त्याने अन्नाला नाही म्हणणं जास्तच धक्कादायक होतं. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि मोठेपणी ४२ येतात. या ७० दातांपैकी एकही त्याने वापराविना ठेवला नव्हता. टीव्हीचे दोन रिमोट, डाव्या पायाच्या पाच चपला (उजव्या पायाला त्याने कधीही तोंड लावलं नाही), चतुर्थीचे २१ मोदक, ‘पाळीव प्राणी लिफ्टमधून नेऊ नयेत’ अशी सोसायटीची नोटीस आणि काकांचं कानातलं यंत्र, एवढा ऐवज चार वर्षांत त्याच्या खाती जमा होता. कानाच्या यंत्रांवर कुत्र्यांचा खास डोळा असतो. एकतर त्यांना मालकाच्या कानाचा वास असतो आणि दुसरं म्हणजे ती बारीक शिट्टी वाजवतात. नवं यंत्र यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत काका-काकूंचं एकदाही भांडण झालं नाही, ही नोंद काकांच्या वहीत आहे.

काकूंचा कुत्रा आणायला विरोध होता. ‘‘या घरात एक तर तो राहील, नाहीतर मी,’’ असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. पहिले सहा महिने त्यांनी त्याला ‘बर्नोल’ म्हटलं. तो त्यालाही ओ द्यायचा. मग एके दिवशी देवघरातली दत्ताची तसबीर पुसताना त्यांचं लक्ष पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांकडे गेलं. ‘‘ते चार वेद आहेत,’’ काकांनी माहिती पुरवली. ‘‘असू देत. दिसतात तर कुत्रेच ना?’’ काकू म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून नैवेद्याच्या ताटात एक पोळी जास्तीची आली.

तर असा हा ब्रूनो जेवेना.

पहिली तपासणी घरीच झाली. काकूंनी नाकाला हात लावला. नाक ओलं आणि गार असलं की कुत्रा ठणठणीत, अशी समजूत सगळीकडेच आहे आणि ती फारशी विश्वासाची नाही, कारण निरोगी कुत्र्याचंही नाक झोपून उठल्यावर कोरडं असतं. ब्रूनोचं नाक दर तासाला तपासलं जात असल्यामुळे त्याला झोपच मिळत नव्हती, म्हणून ते ओलं होतं. मग चिरंजीवांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि कुत्र्याचा ताप शेपटीखाली मोजतात हे ज्ञान मिळवलं. ब्रूनोने तो सगळा प्रकार सहन केला, फक्त मागे वळून चिरंजीवांकडे एकदा असं पाहिलं, की त्यांनी नजर खाली घातली. पारा १०१.८ वर थांबला.

‘‘ताप!’’ काका ओरडले. काकूंनी मिठाच्या पाण्याच्या घड्या तयार केल्या. रात्री साडेअकरापर्यंत सगळं घर आळीपाळीने ब्रूनोच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतं आणि तो पट्ट्या चाटत होता. काकांनी आपल्याच तापाच्या गोळीची अर्धी चकती द्यायचं सुचवलं, तेव्हा सूनबाईंनी ती हातातून काढून घेतली. घरात त्या दिवशी घडलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या यकृताची, पोटाची आणि मूत्रपिंडांची वाट लावू शकतात. आणि १०१.८ फॅरनहाइट हा कुत्र्याचा ताप नव्हेच. १०१ ते १०२.५ हे त्यांचं नेहमीचं तापमान असतं. हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरातल्या चौघांची झोप वाया गेली होती आणि तो थर्मामीटर औषधाच्या डब्यात नेमका कुठल्या बाजूला ठेवला, यावर वेगळी चौकशी सुरू झाली होती.

कुत्रा आजारी आहे ही बातमी टेकडीवरच्या सकाळच्या मंडळींत पसरायला एक फेरी पुरली. एकाने हळद-तूप सांगितलं, दुसऱ्याने ओव्याचा अर्क. तिसऱ्याने फक्त ‘‘आमच्याही टायगरचं असंच झालं होतं’’ असं म्हटलं आणि पुढे काय झालं ते न सांगता तो उतरून गेला. मुंबईच्या आत्यांचा फोन आला : ‘‘तुमच्या पुण्यात काय आहे? परळला आणा, तिथे एकोणिसाव्या शतकापासून जनावरांचा दवाखाना आहे.’’ कुत्र्यांच्या बाबतीत मुंबईचा मान मोठा, हे मात्र मान्य करायला हवं. जून १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळींनी चक्क दंगल केली आणि किल्ल्यातल्या फौजेचा दाणापाणी अडवला होता. पुण्यात कुत्र्यांवरून अजून तरी फक्त नोटिसाच लागल्या आहेत, आणि त्यातली एक ब्रूनोच्या पोटात आहे.

काकूंनी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. एरवी मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजतात. इथे ब्रूनो ११ वेळा शिंकला. ‘‘बघा, कशी बाहेर पडतेय!’’ काकू म्हणाल्या. शास्त्र आपल्या बाजूने वळवून घेण्यात केंब्रिजवाले काकूंच्या पासंगालाही पुरले नसते.

मंगळवारी सगळे दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण, शांत आणि ज्यांचे पेशंट बोलत नाहीत अशा लोकांना असतो तसला भेदक डोळा असलेल्या. त्यांनी आधी ब्रूनोला काट्यावर उभं केलं. ३४.२ किलो. मागच्या लशीच्या वेळी ३३.५ होतं.

‘‘उपाशी आहे म्हणता?’’

‘‘काल सकाळपासून कण नाही पोटात,’’ काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले.

‘‘बाहेरचं काही दिलंत?’’

‘‘छे!’’ हे पाचही जण एकदम म्हणाले. इतकं एकमत त्या घरात पंधरा वर्षांत झालं नव्हतं.

‘‘आणि डॉक्टर, लंगडतोयसुद्धा,’’ काकांनी भर घातली. ‘‘डावा पुढचा पाय.’’

ब्रूनोला चालवून दाखवायला सांगितलं. तो दवाखान्यातल्या गुळगुळीत फरशीवरून असा ताठ मानेने चालत गेला, की प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात घेतला असता. ज्यांनी आवाज करणारी स्कूटर गॅरेजमध्ये नेली आहे, त्यांना काकांच्या त्या वेळच्या चेहऱ्याची कल्पना येईल. घरी परतल्यावर लिफ्टचं दार उघडताच तो पुन्हा लंगडायला लागला. फक्त आता उजवा पाय.

पायाचं गूढ त्याच रात्री चिरंजीवांनी सोडवलं. जानेवारी २०२१ मध्ये लंडनमधल्या एका गृहस्थांचा घोटा मोडला आणि पायाला प्लॅस्टर लागलं. त्यांचा कुत्राही एक पाय उचलून शेजारून चालू लागला. घाबरून त्यांनी त्याच्या तपासण्यांवर आणि एक्स-रेवर ३०० पौंड खर्च केले. कुत्र्याला काहीच झालेलं नव्हतं, तो मालकाची नक्कल करत होता. त्या दोघांचा एकामागे एक लंगडत चालल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. आता इकडे पाहा. काकांचा गुडघा दोन आठवडे सुजलेला. ते पाय उशीवर ठेवून पलंगावर, आणि काकू दिवसातून दोनदा त्यांना तिथे शिरा नेऊन देत. या घरात लंगडणाऱ्याला शिरा मिळतो, हे ब्रूनोने टिपलं असेल तर त्यात त्याचं काय चुकलं? काकांना हे स्पष्टीकरण पटलं नाही. ‘‘मी नक्कल करण्यासारखा लंगडत नव्हतो,’’ एवढंच ते म्हणाले.

पण जेवणाचं काय? बुधवारीही थाळी तशीच. सूनबाईंनी रात्री दीडपर्यंत जागून मोबाइलवर ब्रूनोला सहा रोग शोधून काढले. त्यातला ॲडिसनचा रोग तिला सर्वांत पटला, कारण तो म्हणे दुसऱ्या कुठल्याही रोगाचं सोंग घेतो. सोंगाच्या बाबतीत ब्रूनोचा अंदाज आता आलेलाच होता. डॉक्टरीणबाईंना मात्र त्याची कारकीर्द ऐकून वेगळीच शंका आली.

‘‘काहीतरी गिळलेलं असणार. एक्स-रे काढू. मोजा-बिजा असला तर धड दिसणार नाही. धातू, दगड, हाड मात्र स्वच्छ दिसतं.’’

एक्स-रे पडद्यावर आला. बरगड्या, मणका, आणि आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, करड्या धुक्यात पांढराशुभ्र, कंपासने काढावा तसा एक गोल.

खोलीत शांतता पसरली. काकूंनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेल्या, पुन्हा मागे आल्या.

‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमची साठीशांतीची अंगठी कुठेय?’’

‘‘लॉकरमध्ये. सांगितलं ना तुला गेल्या आठवड्यात.’’

‘‘हं. लॉकर सापडला म्हणायचा.’’

झालं होतं असं, की गुडघ्याला तेल चोळताना काकांनी अंगठी काढून शिऱ्याच्या बशीत ठेवली आणि जरा डोळा लागला. उठून पाहतात तो बशी लख्ख. शिरा आपणच खाल्ला असेल अशी त्यांनी समजूत करून घेतली. अंगठीच्या बाबतीत तशी समजूत करून घेता येईना, म्हणून लॉकर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढलेला माणूस एका कुत्र्याच्या एक्स-रेमुळे सापडला, याचं डॉक्टरीणबाईंनाही वाईट वाटलं असावं. कारण त्या लगेच म्हणाल्या, ‘‘गुळगुळीत आहे, खडा नाही, पोटातून निघून इतकी पुढे आलीय. ऑपरेशनची गरज नाही. एक-दोन दिवसांत आपोआप येईल बाहेर. लक्ष ठेवा. आणि या अंगठीमुळे त्याची भूक गेली असेल असं मला वाटत नाही. उद्या शीचा नमुनाही आणा, जंत बघून टाकू.’’

‘लक्ष ठेवा’ हे दोन शब्द एखाद्या हिशेबतपासनीसाला सांगू नयेत. काकांनी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले : दिनांक, वेळ, स्थळ, रंग, घट्टपणा, शेरा. सोसायटीच्या मागच्या बागेत काका हातमोजे घालून, विजेरी घेऊन, आंब्याच्या डहाळीने शोध घेत असलेले दिसू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, ‘‘काका, काही हरवलंय का?’’ काका म्हणाले, ‘‘नाही, गुंतवणूक आहे. मुदत पुरी व्हायची वाट बघतोय.’’

गुरुवारचा नमुना काकांनी घाईत भरला, कारण दवाखाना उघडायच्या आत पोचायचं होतं. डबा श्रीखंडाचा. रिकामे डबे जपून ठेवण्याची या घराची परंपरा अशा रीतीने फळाला आली. रिक्षातून उतरताना काकांनी सुटे पैसे मोजून दिले, गुडघा सांभाळत पायऱ्या चढल्या आणि खिडकीशी जाऊन ‘‘नमुना आणलाय’’ असं म्हणत रिकामा हात पुढे केला.

घरी फोन गेला. काकूंनी ऐकून घेतलं, आणि एकच प्रश्न विचारला. ‘‘आधी तपासला होतात का?’’

‘‘वरवर.’’

‘‘म्हणजे सोनं रिक्षात सोडून आलात!’’

पुढचा अर्धा तास काकांनी दवाखान्याच्या पायरीवर, सोन्याच्या भावाचा विचार करत काढला. आणि मग ती रिक्षा परत आली. पुण्यातली रिक्षा, भाडं नसताना, आपण होऊन परत आली! हा चमत्कार अंगठीच्या प्रवासापेक्षाही मोठा मानायला हवा. चालकाने डबा दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा पुढे केला.

‘‘काका, श्रीखंड विसरला होता.’’

‘‘उघडून… नाही ना बघितलं?’’

‘‘छ्या! दुसऱ्याच्या खाण्याला हात लावत नाही आपण.’’

काकांना भरून आलं. त्यांनी पन्नासची नोट काढली. चालकाने हात जोडले. ‘‘पैसे नको काका. एवढंच वाटत असेल तर वाईच श्रीखंड द्या कागदावर. सकाळपासून चहावर आहे.’’

या विनंतीला काकांनी काय उत्तर दिलं हे वहीत नाही. त्या दिवशीच्या खर्चात मात्र ‘श्रीखंड, अर्धा किलो, ताजं, सदिच्छा’ अशी एक नोंद आहे. तेव्हापासून दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला त्याच चालकाची रिक्षा यायला लागली. ब्रूनोलाही ती फार आवडली. एरवी दवाखान्याचं नाव काढताच चारही पाय फरशीत रोवून बसणारा हा प्राणी, त्या रिक्षाचा आवाज ऐकला की जिने उतरून आधी जाऊन बसायचा. ‘‘किती समजूतदार झालाय आजारपणात,’’ काकू म्हणायच्या.

नमुन्यात ना जंत निघाले, ना सोनं. अंगठी शुक्रवारी सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी, बागेतल्या जास्वंदीपाशी प्रकट झाली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘जमा : १ नग’ असं लिहून काकांनी खाली सही केली. साबण, हळद, गरम पाणी, पुन्हा साबण आणि गंगाजल असे संस्कार होऊनही काकांनी ती बोटात घालायला नकार दिला. काकूंनी ती सराफाकडे उजळायला दिली आणि मग स्वतः जाऊन लॉकरमध्ये ठेवली.

सगळ्यांना वाटलं, आता ब्रूनो जेवेल. शनिवारी सव्वासातला घर थाळीभोवती गोळा झालं. ब्रूनोने हुंगलं, एक सुस्कारा सोडला आणि सोफ्याकडे गेला.

मग रक्त. पावसाळा नुकताच सरला होता आणि गोचिडांचे दिवस होते. गोचीड चावून येणाऱ्या तापात कुत्र्याची भूक जाते, प्लेटलेट घसरतात, आणि तो निघाला तर २८ दिवस गोळ्या द्याव्या लागतात. रिपोर्ट आला : गोचीडताप नाही, हिमोग्लोबिन उत्तम, यकृत उत्तम, मूत्रपिंडं उत्तम. काकांनी आपल्या मार्चमधल्या रिपोर्टशी तो ओळीने ताडून पाहिला. एका बाबतीतही त्यांची सरशी झाली नाही.

शेवटी सोनोग्राफी. त्यासाठी पोट रिकामं हवं. ‘‘बारा तास काही देऊ नका,’’ अशी ताकीद मिळाली.

‘‘देऊ नका काय? आठवडाभर उपाशीच आहे लेकरू,’’ काकू म्हणाल्या.

पोटावरचे केस भादरले, गार जेली लागली, ब्रूनो उताणा पडून गुदगुल्यांच्या आनंदात. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवलं.

‘‘मला काहीच दिसत नाहीये.’’

‘‘अरे देवा!’’

‘‘तसं नाही. पोट गच्च भरलंय. मागचं काही दिसायला जागाच नाही.’’ त्यांनी हात पुसले, ब्रूनोला पुन्हा काट्यावर उभं केलं. ३५.१. ‘‘एका आठवड्याच्या उपासात ९०० ग्रॅम वाढलेत. आता असं करू या. एकेकाने आत या. एकटं.’’

आपल्याकडे एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात, पण एकादशी करणाऱ्याला निदान आपण काय खाल्लं ते ठाऊक असतं. इथे पाच जण, प्रत्येकी चार मिनिटं, आतल्या खोलीत गेले. जाताना ताठ आणि येताना वाकलेले.

काकांनी कबूल केलं, की सहाच्या चहाबरोबर सहा ग्लुकोजची बिस्किटं. बुडवून. साडेसहाला नैवेद्य दाखवून झाला की काकू तीन पोळ्या देत. तूप लावून. ‘‘कोरडी कशी घालायची हो?’’ त्यांनी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. ‘‘कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले होते. ते काय येडे होते?’’ पावणेसातला चिरंजीव व्यायाम करून आले की दोन उकडलेली अंडी ते ब्रूनोला देत, कारण ‘‘प्रोटीन लागतं.’’ सातला नातवाची नाचणीची उकड टेबलाखालून नाहीशी व्हायची. नातू नऊ वर्षांचा आहे, त्याने सर्वांत आधी आणि सर्वांत खरं सांगितलं : ‘‘मला ती आवडत नाही आणि त्याला आवडते.’’ कामाच्या मावशींची ज्वारीची एक भाकरी होती. मावशी दवाखान्यात नव्हत्या, पण फोनवर त्यांनी बेधडक सांगितलं, ‘‘त्याचं तोंड बघवंना. तुमी समदी निस्ती बघत बसता.’’ सूनबाई, जिने घरभर ‘बाहेरचं देऊ नये’ अशी चिठ्ठी लावली होती, ती सर्वांत शेवटी आत गेली आणि सर्वांत उशिरा बाहेर आली. ती ॲसिडिटीची गोळी चीजच्या क्यूबमध्ये लपवून देत होती. तो चीज खाऊन गोळी थुंकायचा, म्हणून आणखी एक क्यूब. गोळी एक, क्यूब चार.

म्हणजे सव्वासातला जी थाळी समोर यायची, ती ब्रूनोची सातवी न्याहारी होती.

गंमत अशी, की हे कोणी लबाडी म्हणून केलं नव्हतं. सोमवारी त्याने थाळीला तोंड लावलं नाही, तेव्हा प्रत्येकाच्या पोटात खड्डा पडला. प्रत्येकाने गुपचूप आपापला घास पुढे केला, आणि ब्रूनोने तो खाल्ला. त्यासरशी प्रत्येकाच्या मनात एकच गोड विचार आला : हा फक्त माझ्याच हातून खातो. हे भाग्य जाहीर केलं असतं तर दुसऱ्यांना वाईट वाटलं असतं, शिवाय त्यांनीही प्रयत्न केला असता. म्हणून सगळे गप्प. थाळी जितकी भरलेली परत जाई, तितकी काळजी वाढे, आणि काळजी जितकी वाढे तितकी पोळीवर तुपाची धार. ब्रूनोने या सगळ्यात एकदाही खोटेपणा केला नाही. आठवडाभर तो सर्वांना आपल्या परीने सांगत होता, की माझं झालंय.

शिऱ्यातल्या बेदाण्यांवरून मात्र डॉक्टरीणबाई खरोखर रागावल्या. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, कधीकधी मूठभरसुद्धा. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला बाधतं, चॉकलेट हृदयाला. ‘‘नशीब म्हणून रिपोर्ट चांगला आलाय,’’ त्या म्हणाल्या. काकूंचा चेहरा उतरला. तेव्हापासून त्यांनी शिऱ्यात बेदाणे घालणं बंद केलं आहे, माणसांच्यासुद्धा.

त्या रात्री काका वही घेऊन बसले. ब्रूनोसारख्या कुत्र्याला दिवसाला साधारण १३५० कॅलरी पुरतात, असा आकडा दवाखान्यातून मिळाला होता. काकांनी मांडलं : बिस्किटं १२०, पोळ्या तुपासकट ४२०, भाकरी २००, अंडी १५०, उकड १५०, चीज ३००. बेरीज १३४०. त्यांनी ती दोनदा तपासली. आठवड्यात प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

‘‘जुळला!’’ ते म्हणाले. ‘‘दहाचा फरक. एवढा चालतो.’’

‘‘आणि खर्च?’’ काकूंनी विचारलं.

तपासण्या, एक्स-रे, सोनोग्राफी, गोळ्या, रिक्षा आणि श्रीखंड मिळून ११,४६० रुपये. ‘‘अंगठी वजा जाता आपण फायद्यातच आहोत,’’ काका म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून राज्य कडक झालं. फ्रिजवर तक्ता लागला. सकाळ-संध्याकाळ मोजून दिलेलं कुत्र्याचं खाणं, बाकी काही नाही. जो चुकेल त्याने आठवडाभर ब्रूनोला रात्रीच्या फेरीला न्यायचं. पहिल्या तीन दिवसांतच चमत्कार झाला. ब्रूनो सव्वासातला थाळीवर तुटून पडायला लागला, थाळी चाटून झाली की खालची फरशी चाटायला लागला. लंगडणंही थांबलं, कारण काकांचा गुडघा उतरला आणि शिरा बंद झाला. ब्रूनोला काही देऊ नये, अशी वॉचमनलाही लेखी सूचना गेली. नातू नाचणीची उकड खाऊ लागला, अर्थात चेहऱ्यावर ब्रूनोचाच भाव आणून.

महिन्याने वजन. घरातून निघताना सगळ्यांनी अंदाज बांधले. काका म्हणाले ३३, काकू म्हणाल्या ३२, हाडं लागतात हाताला. ब्रूनो काट्यावर उभा राहिला.

३५.४.

डॉक्टरीणबाईंनी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा उभं केलं. ३५.४. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे. काकूंनी दत्ताची शपथ घेतली. खरोखरच कोणी काही दिलेलं नव्हतं; एकमेकांवरच्या पाळतीत कोणाला तशी सोयच राहिली नव्हती. काकांनी वही काढली, ३०० ग्रॅमचा आकडा लिहिला आणि बराच विचार करून पुढे ‘उचंत खाते’ असं लिहिलं. हिशेब लागत नसेल, तर बँकेतही तो तिथेच टाकतात.

परतताना काकू औषधाच्या दुकानाशी थांबल्या. काका आणि ब्रूनो पुढे रिक्षात जाऊन बसले. रिक्षा सुरू झाली नव्हती. चालकाने पुढच्या काचेकडे पाहत, मान न वळवता, नेहमीच्या सवयीने उजवा हात सीटखालच्या पिशवीत घातला आणि मागे केला. हातात खारी होती. ब्रूनोने ती आवाज न करता, चुरा न सांडता, रोजचं कामकाज असल्यासारखी घेतली. मग दुसरी आली. मग तिसरी.

काकांनी खिशातून पेन काढलं.

‘‘काका,’’ चालक आरशातून म्हणाला, ‘‘आज दूध बेकरीची ताजी आहे. तुम्हाला देऊ?’’

काकांना मार्चपासून मैदा आणि डालडा बंद आहे. त्यांनी औषधाच्या दुकानाकडे पाहिलं. काकू सुटे पैसे मोजत होत्या. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

‘‘एकच,’’ ते म्हणाले.

ब्रूनोने थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.